गटाचा निर्णय कसा घ्यावा: आधी भीती ओळखा, मग पद्धत निवडा

"मतदान घ्या ना, वाद मिटून जाईल," असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. बावीस वर्षं मी धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीकाठच्या गावांत बचत गटांच्या आणि पाणी समितीच्या बैठका चालवते आहे. मतदानानं वाद मिटल्याचं मला फार थोड्या वेळा दिसलं. हात मोजले जातात, बारा विरुद्ध नऊ होतं आणि त्या नऊ जणी पुढच्या महिन्यापासून हप्ता उशिरा भरू लागतात. मतदान वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण ते तिथं चुकीच्या कामाला जुंपलेलं असतं. निर्णयाची प्रत्येक पद्धत माणसांनी कुठल्या तरी भीतीपोटी शोधली आहे. आपल्याला कशाची भीती आहे हे न बघता पद्धत उचलली, की ती फसते.

प्रश्न एका ओळीत फळ्यावर लिहा. "यंत्र घ्यायचं का" आणि "यंत्र कुठं ठेवायचं" हे दोन प्रश्न आहेत, ते वेगवेगळे लिहा. पहिली पायरी इथं संपली.

दुसरी पायरी म्हणजे मोठ्यानं विचारणं: हा निर्णय चुकला तर आपलं काय जाईल? उत्तर "फारसं काही नाही" असेल तर हात वर करून मोकळे व्हा. सहलीची तारीख, सतरंजीचा रंग यांवर तासभर चर्चा करू नका.

उत्तर "मत दिलेलं कळलं तर घरी त्रास होईल" असं असेल, तर मत गुप्तच हवं. 1856 साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी गुप्त मतदानाचा कायदा केला, तो मालकांचा दबाव आणि मतांची खरेदी रोखायला. आपल्याकडे दारूबंदीसाठी आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बायकांना गुप्ततेचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. लिहिता न येणाऱ्या बायका असतील तर प्रत्येकीच्या हातात तुरीचा एक आणि हरभऱ्याचा एक असे दोन्ही दाणे द्या. एक दाणा मताच्या मडक्यात, उरलेला दुसऱ्या मडक्यात. एकच दाणा दिलात तर तो दाणा कोणता हे शेजारणीला दिसतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

पर्याय तीन किंवा जास्त असतील तर साधं मतदान टाळाच. आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) पिकांची चर्चा होते, तेव्हाचं उदाहरण घ्या. एक तृतीयांश लोकांचा क्रम कापूस, मका, ज्वारी. दुसऱ्या तृतीयांशाचा मका, ज्वारी, कापूस. उरलेल्यांचा ज्वारी, कापूस, मका. आता जोड्या लावून विचारा. कापूस मक्याला हरवतो, मका ज्वारीला हरवतो आणि ज्वारी कापसाला हरवते. फ्रान्सच्या काँडोर्से या गणितज्ञानं 1785 मध्ये हा पेच मांडला. कोणती जोडी आधी विचारायची हे ज्याच्या हातात, त्याचंच पीक निवडून येतं. म्हणून अशा वेळी प्रत्येकाकडून पसंतीचा क्रम घ्या, पहिल्याला तीन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक गुण द्या आणि बेरीज करा. ही रीत काँडोर्सेचाच समकालीन बोर्दा यानं सुचवली होती. वर मांडलेल्यासारखी बरोबरी झाली तर निदान ती उघड दिसते, प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात लपत नाही.

एकट्यानं घ्यायच्या निर्णयात भीती विसरण्याची असते. सकाळी एक कारण सुचतं, दुपारी दुसरं, आणि दोन्ही एकाच वेळी डोळ्यांपुढं राहत नाहीत. बेंजामिन फ्रँकलिननं 1772 मध्ये जोसेफ प्रीस्टली या मित्राला याच कारणासाठी कागदाचे दोन भाग करायला सांगितले होते. एका बाजूला अनुकूल कारणं लिहायची, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल, तीही तीन-चार दिवस भर घालत, आणि मग सारख्या वजनाची कारणं समोरासमोर खोडायची. लोक दोन रकाने आखतात आणि पाच मिनिटांत बेरीज करतात. ते तीन-चार दिवस गाळले तर या पद्धतीत काही उरत नाही.

गुणतक्ता म्हणजे प्रत्येक पर्यायाला एकेका निकषावर गुण देऊन बेरीज करणं. त्याबद्दल माझं मत कडक आहे. किंमत, टिकाऊपणा, दुरुस्तीची सोय यांतल्या कशाला किती महत्त्व द्यायचं ते पर्यायांची नावं फळ्यावर येण्याआधी ठरवा. नावं आधी आली की प्रत्येकजण आपल्या आवडत्या यंत्राला जिंकवण्यापुरतं वजन टाकतो, आणि त्याला शास्त्रीय निर्णय म्हणतो.

आता सर्वांत कठीण भीती: निर्णयानंतर माणसं तुटण्याची. इथं सर्वसहमती लागते. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव सर्वसहमतीनं निर्णय घेतं म्हणून ओळखलं जातं, आणि ते अभ्यास गटात बसून आधी विषय समजून घेतात, हे विसरू नये. नेदरलँड्समध्ये कीस बुके यानं 1926 मध्ये सुरू केलेल्या शाळेत मुलं आणि शिक्षक मिळून ठरवत. त्यातून पुढं हरकतीवर आधारलेली रीत विकसित झाली. तिथं "सगळ्यांना आवडलं का" असं विचारत नाहीत. "कुणाची सकारण हरकत आहे का" असं विचारतात. हा फरक मला कळायला पाच-सहा वर्षं लागली, आणि त्याची किंमत आमच्या गटानं मोजली.

आम्ही मसाला कांडप यंत्र घेतलं. यंत्र अध्यक्षबाईंच्या ओट्यावर ठेवायचं असं ठरलं. मी विचारलं, "सगळ्यांना मान्य आहे ना?" सगळ्या हो म्हणाल्या. एक-दोघी म्हणाल्या, "माले काय कयस, तुम्ही ठरावा." म्हणजे, मला काय कळतं, तुम्हीच ठरवा. मी इतिवृत्तात 'सर्वानुमते' असं लिहिलं. चार महिने झाले तरी भिल्ल वस्तीतल्या चार जणी एकदाही कांडपाला आल्या नाहीत. मला वाटलं, त्यांना कामाची गरज नसेल. कापूस वेचताना त्यांच्यातली एक म्हणाली, "ताई, त्या ओट्यावर आमच्या घरचं कुणी कधी चढलं नाही." बैठकही त्याच ओट्यासमोरच्या अंगणात घेतली होती. तिथं बसून ती हे कसं बोलणार होती? 'सर्वानुमते' हा शब्द मी लिहिला होता आणि तो खोटा होता. ती वही मी अजून जपून ठेवली आहे.

तेव्हापासून मी "मान्य आहे ना" हा प्रश्न तोंडातून काढत नाही. मी फेरी घेते, ती अशी.

बैठक कुणाच्याही घरी घेऊ नका. शाळेची खोली, समाजमंदिर, नाहीतर सगळ्यांच्या वाटेवरचं एखादं लिंबाचं झाड चालेल. प्रस्ताव वाचून दाखवा आणि तो कुणाचा आहे हे सांगू नका, कारण नाव कळलं की विरोध माणसाला होतो किंवा माणसाच्या भिडेनं दबतो. मग एकेकीला नावानं विचारा. सुरुवात सर्वांत नव्या किंवा सर्वांत कमी बोलणाऱ्या बाईपासून करा. अध्यक्ष, सरपंच, मास्तर शेवटी. सरपंच आधी बोलले की फेरी संपली असं समजा, उरलेल्या फक्त माना हलवतात.

उत्तरं तीनच घ्या: मान्य, चालेल, अडचण आहे. "माले काय कयस" हे उत्तर लिहून घेऊ नका. तिला विचारा, "हे झालं तर तुझ्या रोजच्या कामात काय बदलेल?" याला उत्तर असतंच. फेरी चालू असताना कुणीही कुणाला खोडून काढायचं नाही, तुम्ही तर मुळीच नाही. मी सुरुवातीला लगेच समजावू लागायचे आणि पुढच्या तिघी गप्प व्हायच्या.

'अडचण आहे' आली की एकच प्रश्न विचारा: यानं आपल्या गटाचं काय बिघडेल? "मला निळा रंग आवडत नाही" ही पसंती आहे, ती नोंदवा आणि पुढं जा. "त्या जागी चार जणी येऊ शकणार नाहीत" ही हरकत आहे. हरकतीवर मत घेऊ नका. प्रस्ताव बदला आणि फेरी पुन्हा घ्या. दोन फेऱ्यांत सुटलं नाही तर बैठक उठवा आणि आठवड्यानं बसा. दमवून घेतलेली संमती मौनाइतकीच पोकळ असते, आणि सर्वसहमतीच्या नावाखाली हाच प्रकार सर्वांत जास्त चालतो.

काही वाद फेरीनंही सुटत नाहीत, कारण नुकसान खरंच एकाच्या वाट्याला येतं. तिथं आपल्या फड पद्धतीकडे बघा. पांझरेवरच्या बंधाऱ्यांखाली शतकानुशतकं जमीन फडांत वाटलेली, एका फडात हंगामाला एकच पीक, आणि शेतकऱ्याच्या जमिनी वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या. पाणी कमी असलं की पंच काही फडांनाच पाणी देत. एक फड कोरडा राहिला तरी झळ सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी यायची. म्हणून तो निर्णय पाळला जायचा. चर्चा लांबवण्याऐवजी तोटा कसा वाटता येईल ते शोधा.

उरली शेवटची पायरी. निर्णय, हरकती आणि फेरविचाराची तारीख इतिवृत्तात लिहा, वाचून दाखवा, सह्या-अंगठे घ्या.

आमचं कांडप यंत्र आता अंगणवाडीशेजारच्या खोलीत आहे. तिची चावी दर महिन्याला चिठ्ठी टाकून ठरते, कारण तिथं भीती एकच होती: यंत्र पुन्हा कुणा एकीचं होईल. गेल्या महिन्यात चावी भिल्ल वस्तीत होती.