कॅन्सर स्क्रीनिंगच्या फील्डवर नवीन असाल तर

एमएसडब्ल्यू झाल्यावर मी मराठवाड्यात कॅन्सर स्क्रीनिंगच्या कामाला लागले. आता सीएचओ (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी), आशाताई किंवा एनजीओतून नवीन येणाऱ्यांसाठी लिहितेय, ट्रेनिंगमध्ये यातलं अर्धंही कुणी सांगत नाही.

फॉर्म जसाच्या तसा वाचू नका. "तंबाखू खाता का?" म्हटलं की बाई सरळ नाही म्हणते, आणि "मिश्री लावता का?" म्हटलं की "ती तर रोजचीच की, सकाळ-संध्याकाळ!" तिच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नाहीच. तोंड तपासताना ते पुरतं उघडतंय का, म्हणजे तीन बोटं उभी आत जातायत का बघा, गुटखा खाणाऱ्या कितीतरी पोरांची दोनसुद्धा जात नाहीत (गुटखाबंदी २०१२ पासून आहे म्हणे).

व्हीआयएला, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या साध्या तपासणीला, घाबरू नका. गर्भाशयाच्या तोंडाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटाच्या डॉक्टरांनी दहावी शिकलेल्या बायकांना तयार करून हेच दर दोन वर्षांनी केलं आणि या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

खरी गोची पुढे आहे. पहिल्या वर्षी डाग दिसलेल्या एका बाईला मी सिव्हिलची चिठ्ठी दिली, रजिस्टरमध्ये 'रेफर' लिहिलं आणि मोकळी झाले. दिवाळी झाली, ती टोळीबरोबर ऊसतोडीला गेली, दिलेला नंबर नवऱ्याचा, तोही बंद. एप्रिलमध्ये परतली तेव्हा चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत तशीच घडी घातलेली. मग मीच तिला घेऊन गेले, नशिबाने अजून कॅन्सर झालेला नव्हता, पण ते सहा महिने मला झोप नव्हती.

तेव्हापासून ऊसतोडीच्या गावात कॅम्प दसऱ्याआधीच उरकते. मुकादमाचा नंबर घेऊन ठेवते, पण कशासाठी ते त्याला चुकूनही सांगत नाही, नाहीतर फडभर बोभाटा. पहिल्या खेपेला सोबत जातेच, एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, खरा प्रश्न त्या दिवशीच्या बुडलेल्या रोजाचा असतो. आणि निघायच्या आदल्या दिवशी रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळवून बघा, एकावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं असलं की मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेच्या काउंटरवरच दिवस जातो. मुंबईला टाटाला पाठवायची वेळ आली तर राहायचं कुठे हे आधी ठरवा, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, फक्त जागा आहे का ते निघण्यापूर्वी विचारून घ्या.