आईचा जीवनवृत्तांत कसा लिहावा: लॅब, मंडळी आणि घर

मराठी ख्रिस्ती घरांत अंत्यविधीच्या किंवा स्मरणार्थ उपासनेत जीवनवृत्तांत वाचला जातो. तो बहुधा पाहुण्यांनी भरलेल्या घरात, रात्रीतून, कुठल्या तरी वहीच्या मागच्या पानावर लिहिलेला असतो. म्हणूनच पुष्कळदा तो एकाच साच्यातला निघतो: प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू, प्रार्थनाशील. वरचे नाव बदलून दुसऱ्या कोणाच्या उपासनेत वाचला तरी कोणाच्या लक्षात येऊ नये, असा. इथे दिवंगत आई रुग्णालयाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होती आणि मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काम करत असे, असे धरले आहे.

बायबलमधले प्रेषितांची कृत्ये, अध्याय 9 उघडा. यापोतली टबीथा वारली तेव्हा विधवा रडत पेत्राजवळ आल्या आणि तिने केलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. तुम्हीही तेच करायचे आहे. आईच्या हातचे काम दाखवा, विशेषणे त्यातून ऐकणाऱ्यालाच सुचतील.

एक नव्हे, दोन मजकूर लिहा. दफनविधीसाठी 250 शब्द पुरतात. सावकाश वाचले तर मिनिटाला साधारण 100 शब्द होतात, म्हणजे अडीच मिनिटे. दफनभूमीत लोक उभे असतात, त्याहून लांबवू नका. स्मरणार्थ उपासनेसाठी 600 शब्दांपर्यंत जाता येते. लांब मजकुराची घाई नको, त्यासाठी माणसांना फोन करायला वेळ हवा.

आधी तारखा. जन्मतारीख तीन ठिकाणी तपासा: बाप्तिस्मा रजिस्टर, शाळा सोडल्याचा दाखला आणि नोकरीचे सर्व्हिस बुक. तिन्ही जुळतीलच असे नाही. जुन्या पिढीत शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने 1 जून लिहिण्याची पद्धत होती, त्यामुळे दाखल्यावर 1 जून दिसला तर मंडळीचे रजिस्टर आवर्जून पाहा. लॅबच्या कोर्सचे प्रमाणपत्र माहेरच्या नावावर आणि नोकरीचे कागद सासरच्या नावावर असतात. वृत्तांतात दोन्ही नावे द्या, नाहीतर वर्गमैत्रिणींना ही आपलीच मैत्रीण हे कळत नाही. वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र पूर्ण जन्मतारीख आणि घरचा पत्ता देऊ नका. दफनाच्या वेळी घर रिकामे असते, हे चोरांनाही कळते.

लॅबचा भाग घरच्यांना सर्वांत कमी माहीत असतो आणि वृत्तांतात तोच सर्वांत पोकळ राहतो. ‘रुग्णालयात सेवा केली’ एवढ्यावर भागवू नका. तिच्याबरोबर काम केलेल्या दोघांना फोन करा आणि नेमके विचारा: कोणत्या वर्षी रुजू झाली? रक्तपेढी, सूक्ष्मजीवशास्त्र की बायोकेमिस्ट्री? रात्रपाळ्या किती? मशीन येण्याआधी काय काय हाताने होत असे?

शेवटच्या प्रश्नाला उत्तरे धडाधड येतात. लघवीतली साखर बघायला परीक्षानळीत 5 मिली बेनेडिक्ट द्रावण घ्यायचे, 8 थेंब लघवी घालून उकळायचे आणि रंग पाहायचा: निळा राहिला तर साखर नाही, मग हिरवा, पिवळा, नारिंगी, आणि विटकरी म्हणजे भरपूर. हिमोग्लोबिन साहलीच्या नळीत रंग जुळवून मोजायचे. रक्तातल्या पेशी न्यूबावर चेंबरवर, म्हणजे चौकटी आखलेल्या काचेवर, मायक्रोस्कोपखाली एकेक करून मोजायच्या. ईएसआरची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात हे पाहायची, नळी उभी लावून बरोबर एका तासाने वाचायची. पिपेट तोंडाने ओढायची रीत होती. क्रॉसमॅच, म्हणजे रक्त चढवण्याआधी दात्याचे आणि रुग्णाचे रक्त जुळते का हे पाहणे, चुकले तर जीव जाऊ शकतो. यातली एकच गोष्ट निवडा आणि चर्चमधल्या शेवटच्या बाकावरच्या आजीला समजेल अशी सांगा. ‘डॉक्टर ज्या कागदाकडे बघून औषध लिहीत, त्यावरचा आकडा आई काढत असे’ या एका वाक्याने काम समजते. चार चाचण्यांची नावे ओळीने वाचली तर कोणाच्याच डोक्यात काही राहत नाही. कितीही हृद्य प्रसंग असला तरी रुग्णाचे नाव किंवा आजार त्यात येऊ देऊ नका. तिने ते गुपित कधी फोडले नसते.

मंडळीच्या कामासाठी सेक्रेटरींकडचे वार्षिक अहवाल आणि महिला मंडळाची इतिवृत्ते मागा. पदे तिथे सापडतात. पण खरे काम बहुधा पदाशिवाय झालेले असते: प्रभुभोजनाचे छोटे पेले धुऊन पुसून ठेवणे, वेदीवरची फुले, रविवारच्या शब्बाथ शाळेतल्या मुलांची हजेरी, कापणीच्या सणाचा हिशोब, आजाऱ्यांच्या घरी डबा. यासाठी पाळकांपेक्षा चर्चच्या शिपायाला विचारा. किल्ली कोण मागायला येई, दिवे बंद करून शेवटी कोण जाई, हे त्याला पक्के ठाऊक असते.

घराबद्दल थोडक्यात, पण एकच ठोस गोष्ट. रात्रपाळीहून आल्यावर ती किती वाजता झोपे आणि डबे कोण भरे, एवढे सांगितले तरी ‘आदर्श माता’ लिहावे लागत नाही. भावंडांपैकी एकानेच लिहावे. बाकीच्यांनी तपशील पुरवावेत आणि एकदाच वाचून चुका सांगाव्यात. सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात प्रत्येकाचे नाव दोनदा येते आणि आई मागे पडते.

मुलगा किंवा मुलगी वाचणार असेल तर ‘आई… ती’. पाळक किंवा सेक्रेटरी वाचणार असतील तर ‘त्या’. अर्धा मजकूर ‘ती’ आणि अर्धा ‘त्या’ हा दोष फार आढळतो. कागद 16 पॉइंटमध्ये, एका बाजूला छापा आणि दुसऱ्या कोणाकडे एक प्रत द्या, गळा दाटला तर पुढे वाचायला. गीत सांगताना क्रमांकासोबत पहिली ओळही लिहा, क्रमांक ऐकताना चुकतो.

स्मरणपत्रिका ए-फोर कागदाची एक घडी घालून चार पानी होते. आतल्या एका पानावर 12 पॉइंटमध्ये साधारण 200 शब्द मावतात, म्हणून छोटा मजकूरच द्या. डीटीपीवाल्याकडचा तयार साचा बघून घ्या: त्यात ‘कै.’ आणि समईची वेलबुट्टी आधीच असते. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, आपल्याकडे ‘ख्रिस्तवासी’ लिहितात. युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये नेताना रफार आणि जोडाक्षरे तुटतात, तेव्हा ‘प्रार्थना’, ‘ख्रिस्त’, ‘हृदय’ हे शब्द छापील प्रुफावर बोट ठेवून वाचा. वचन पाठ असले तरी पवित्र शास्त्रातून पाहून उतरवा, आवृत्त्यांत शब्द वेगळे असतात. फोटो तीन इंच रुंद छापायचा तर किमान 900 पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो दबला जातो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. जुना फोटो फोनने टिपताना फ्लॅश बंद ठेवून खिडकीजवळ धरा. मायक्रोस्कोपपाशी बसलेला एखादा फोटो मिळाला तर लग्नातल्या फोटोऐवजी तोच घ्या.

कबरीवरच्या दगडाची घाई करू नका. माती खचते, त्यामुळे एक पावसाळा जाऊ द्यावा, नाहीतर दगड कलतो. तोवर साधा लाकडी क्रूस पुरतो. कोरणाऱ्याला हस्ताक्षरातला कागद न देता खऱ्या आकाराचा छापील नमुना द्या, त्यावर दोघांची सही घ्या आणि ग्रॅनाइटवर टाकी पडण्याआधी खडूने आखलेली अक्षरे स्वतः जाऊन वाचा.