बिडाचा तवा सीझन करायचाय? आधी तेल कमी करा

नवीन बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा आणला, भरपूर तेल ओतून तापवला, रात्रभर तसाच ठेवला आणि सकाळी बघावं तर वर तपकिरी चिकट थर, घावन काही केल्या सुटत नाही, असं खूप जणांचं होतं. तेलाचा एकदम पातळ थर धूर येईपर्यंत तापला की त्याचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कडक होतात आणि लोखंडाला धरून बसतात, ते मग तेल राहतच नाही, यालाच सीझनिंग म्हणायचं. थर जाड असला तर तो अर्धवटच सुकतो आणि चिकट राहतो. बाकी थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं, हे नाही चालत.

बीड आणि साधा लोखंडी तवा यात फरक आहे हं. बीड ओतीव, जड, दाणेदार, आणि ठिसूळ, म्हणजे फरशीवर पडलं तर फुटतं, तापलेल्यावर गार पाणी ओतलं तर तडकूही शकतं. पत्र्याचा लोखंडी तवा किंवा हल्ली मिळतो तो कार्बन स्टीलचा पॅन फुटत नाही पण एकदम मोठ्या आचेवर ठेवला तर वाकतो, मग गॅसवर डुगडुगतो. सीझनिंग दोघांचं सारखंच.

नव्या तव्याला गंज लागू नये म्हणून बऱ्याचदा तेल किंवा मेणासारखा थर दिलेला असतो, तो आधी काढा. गरम पाणी, साबण आणि तारेची घासणी, चांगलं दमून घासा, या एकाच वेळी असं घासायचं. काही घरांत नवा तवा दोनतीन दिवस पेजेत किंवा तांदळाच्या धुवणात भिजवतात, त्यानेही काळं सुटतं, पण नंतर घासावं लागतंच. धुतला की लगेच फडक्याने पुसून गॅसवर पूर्ण कोरडा करा.

आता तवा कोमट असताना अर्धा चमचा तेल, सूर्यफूल, सोयाबीन किंवा शेंगदाणा, रिफाइंड घ्या, सुती फडक्याने पुढून, मागून, कडांना, दांड्याला चोळा. मग दुसरं कोरडं फडकं घ्या आणि सगळं तेल पुसून टाका, चुकून लावलं होतं अशा बेताने पुसा, तव्यावर ओली चमक दिसली तर अजून जास्तच आहे. मध्यम आचेवर ठेवा, हळूहळू वाढवा, धूर निघायला लागेल, खिडक्या उघडा, धूर थांबत आला की बंद. बर्नरने फक्त मधला भाग तापतो म्हणून तवा सरकवत राहा, नाहीतर कडा तशाच राहतात. गार होऊ द्या आणि हे सगळं परत, चार-पाच वेळा. मोठा ओव्हन असेल तर २३० अंशांवर तासभर उपडा ठेवला तरी छान होतं. खोबरेल आणि तूप यासाठी नको, ते नीट कडक होत नाही, घावन काढताना खुशाल वापरा. जवसाच्या तेलाचं कौतुक खूप होतं, थर दिसतोही सुंदर, पण पुढे त्याचे पापुद्रे सुटतात.

पहिल्याच दिवशी घावन घालू नका, ते पातळ तांदळाचं पीठ नव्या तव्यावर रुसतंच. आधी कांदा परता, मग दोनचार दिवस सढळ तेलावर धिरडी, डोसे, आणि मग घावन. तवा चांगला तापल्यावर अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवायचा, पीठ कडेने सोडत मधे आणायचं. कड आपोआप उचलली जाईपर्यंत उलथनं घालायचं नाही.

रोजचं सोपंय. कोमट असताना गरम पाणी आणि नारळाचा काथ्या, चिकटलं असेल तर खडे मीठ घालून घासा. भांड्यांचा लिक्विड साबण थोडा वापरला तर सीझनिंग जात नाही, भिजत ठेवणं आणि डिशवॉशर मात्र नको. भांडी घासायला ताई येत असतील तर तवा सिंकमधून आधीच उचला, कारण चकचकीत घासणं हे त्यांचं चांगलं कामच इथे तव्याच्या मुळावर येतं. धुतला की गॅसवर सुकवा आणि तेलाचं बोट फिरवून पुसा. पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, वर कागद ठेवून द्या, झाकण लावून कोंडू नका.

टोमॅटो, कोकम, चिंचेची आमटी लोखंडी कढईत शिजवली की आंबटाने थर विरतो आणि चवही कळकट लागते. पिठलं, परतलेल्या भाज्या यांना कढई उत्तम, फक्त झाल्या झाल्या दुसऱ्या भांड्यात काढा, वांगं तर त्यातच राहिलं तर काळं पडतं. आणि भाकरीचा तवा वेगळाच ठेवा. भाकरीला तवा कोरडा आणि कडकडीत लागतो, त्यात सीझनिंग जळून जातं, मग त्यावर घावन चिकटणारच.

गंज चढलाय म्हणून आजीचा तवा भंगारात देऊ नका, प्लीज. व्हिनेगर आणि पाणी समान घेऊन जास्तीत जास्त अर्धा तास बुडवा, त्याहून जास्त ठेवलं तर लोखंडच खायला लागतं, मग घासा, धुवा, लगेच सुकवा आणि पहिल्यापासून सीझन करा. तडा गेला असेल तरच सोडा, तो तापवणं धोक्याचं.