डिझेल गाडी थरथरते? आधी माउंटिंग बघा
नागपूरच्या उन्हात, पारा 45 अंशांवर गेला की माउंटिंगचं, म्हणजे इंजिनाला गाडीच्या सांगाड्यावर धरून ठेवणाऱ्या आधाराचं, रबर कडक होऊन तडकायचंच. सिग्नलला उभं असताना स्टेअरिंग थरथरतं, गाडी बंद करताना 'धड' आवाज येतो? मेकॅनिकला लगेच इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) उघडू देऊ नका. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, ब्रेक घट्ट दाबून क्लच किंचित सोडा. आधी पहिल्या गिअरमध्ये, मग रिव्हर्समध्ये. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघावं (गाडीपुढे अजिबात नाही!). इंजिन जोरात उसळलं, तर माउंटिंग गेलंच समजा. हायड्रॉलिक (आत द्रव भरलेलं) माउंटिंग असेल तर त्या द्रवाचा ओघळही शोधा. बदलताना जॅक आणि ऑइल पॅन (इंजिनाखालची तेलाची टाकी) यांच्यामध्ये लाकडी फळी ठेवून इंजिनाला आधार द्या, नाहीतर पॅन चेपतो. एका वेळी एकच माउंटिंग काढा. बोल्ट शेवटचे आवळायचे ते इंजिन नीट बसल्यावरच.