मार्चआधी तोट्यातले शेअर विकून टॅक्स वाचवा

यंदा शेअर विकून शॉर्ट टर्म (घेतल्यापासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरचा) नफा झालाय ना, मग ३१ मार्चच्या आत पोर्टफोलिओतले लाल शेअर बघा. समजा ८० हजार नफा आहे आणि एखाद्या शेअरमध्ये ५० हजार तोटा, तर तो विकला की २० टक्के टॅक्स फक्त ३० हजारावर, म्हणजे १० हजार वाचले (सेस वेगळा). शेअर परत हवाच असेल तर दुसऱ्या दिवशी घ्या, त्याच दिवशी घेतला तर व्यवहार इंट्राडे धरला जातो आणि सगळं मुसळ केरात. लॉंग टर्म तोटा मात्र फक्त लॉंग टर्म नफ्यातूनच वजा होतो, आणि तो नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर उगाच विकू नका, तसाही टॅक्स नाहीये. उरलेला तोटा ८ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच.