मिसिंग शोधायला बसण्याआधी

गाडी १९९६ ची मारुती ८००, कार्ब्युरेटरवाली. ७९६ सीसी, तीनच सिलिंडर. त्यातला एक झोपला, म्हणजे पेटेनासा झाला (यालाच मिसिंग म्हणतात), की तुळजापूरच्या घाटात मागून टमटमवाले हॉर्न मारतात. मागच्या वेळी मी न बघता प्लग बदलले, मग कॉइल बदलली, आणि दोष निघाला एका वायरीत. म्हणून यंदा आधी तयारी, दुकान नंतर.

सकाळी सातलाच बसायचं. एप्रिलात सोलापुरात दहानंतर बॉनेटला हात लावून बघा! मडगार्डवर जुनी चादर टाकायची (आपल्या गावात तिला तोटा नाही), शेजारी वाळूची बादली, कारण पेट्रोलचा मामला आहे. प्लगपाना, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टीमीटर, कागदी टेप, पेन आणि एक चालू स्थितीतला जुना प्लग हाताशी हवा. मिसिंग कधी होतं तेही लिहून ठेवायचं: इंजिन थंड असताना, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) की लोड आल्यावर.

वायरी काढण्याआधी टेप चिकटवून नंबर घालायचे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-२ आहे, अदलाबदल झाली तर नवाच घोळ. इंजिन बंद करून एकच वायर काढायची, तिला तो जुना प्लग लावून इंजिनच्या लोखंडाला नीट टेकवून ठेवायचा आणि गाडी चालू करायची. जी वायर काढूनही आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. चालू गाडीत वायर ओढायची नाही, झटका सणसणीत बसतो.

मग चहा. हेड अॅल्युमिनियमचं, गरम असताना प्लग खोलला तर आटेही सोबत यायचे. प्लग काढून कागदावर १, २, ३ असे ओळीने ठेवायचे. विटकरी रंग चांगला. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे करंट नाही. तेलकट असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलेलं. गॅप, म्हणजे प्लगच्या टोकांमधली फट, ०.७ ते ०.८ मिमी. संशयित प्लग शेजारच्या सिलिंडरात घालायचा. मिसिंग त्याच्यामागे गेलं तर प्लग दोषी, नाहीतर वायर आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) कॅपच्या आतली काळी रेघ बघायची. उष्णतेने तडकलेले व्हॅक्यूम पाइप बोटाने दाबून तपासायचे.

एवढं करूनही तोच सिलिंडर गप्प असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजून घ्यायचं. ते कमी आलं की पाने पुसून ठेवायचे. हेड खोलणं माझ्या अंगणातलं काम नाही.