एनके पेशींचा रिपोर्ट कसा वाचावा

पावसाळा सरत आला की ठाण्यात आणि नवी मुंबईत तापाची साथ ठरलेलीच असते. ताप उतरल्यावरही थकवा जात नाही, म्हणून काही जण स्वतःहूनच प्रतिकारशक्तीच्या तपासण्या करून घेतात आणि मग रिपोर्टमधल्या ‘एनके’ (नॅचरल किलर, म्हणजे विषाणूबाधित पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) या ओळीसमोर ठळक अक्षरांत छापलेला आकडा पाहून घाबरतात. साध्या विषाणूजन्य तापात ही तपासणी मुळात लागतच नाही. डेंग्यूमध्ये तर लक्ष प्लेटलेट्स आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील लाल पेशींचे प्रमाण) यांच्याकडेच हवे. तरीही रिपोर्ट हाती असेल, तर तो नीट वाचावा.

त्यासाठी या पेशींचे काम आधी समजून घ्यावे लागते. शरीरातील जवळपास प्रत्येक पेशी आपल्या आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे तुकडे एमएचसी वर्ग १ या रेणूंवर ठेवून पृष्ठभागावर मांडते आणि ते तपासूनच टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) संसर्ग ओळखतात. सायटोमेगॅलोसारखे काही विषाणू हे रेणूच पृष्ठभागावरून कमी करून टी पेशींना चकवतात. मात्र हेच रेणू एनके पेशींना आवरून धरत असल्याने, ते कमी होताच त्यांच्यावरचा लगाम सुटतो. हा विचार स्वीडिश संशोधक क्लास शेरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रयोगांतून पुढे आणला. लगाम सुटणे एवढेच पुरेसे नसते, बाधित पेशीकडून उत्तेजनाचे संकेतही मिळावे लागतात. त्यानंतर एनके पेशी पर्फोरिन या प्रथिनाच्या साह्याने तिच्या आवरणाला छिद्रे पाडते, आत ग्रॅन्झाइम ही विकरे सोडते आणि बाधित पेशी मरते. शिवाय एनके पेशी इंटरफेरॉन गॅमा हे संदेशवाहक प्रथिन स्रवून इतर पेशींनाही कामाला लावते. नव्या विषाणूविरुद्ध टी पेशींची फौज उभी राहायला साधारण आठवडा लागतो. तोवरचा बराच भार एनके पेशी उचलतात.

आता रिपोर्टकडे वळू. पेशींचे प्रकार त्यांच्या पृष्ठभागावरील सीडी३, सीडी१६ अशा खुणांवरून ओळखतात. सीडी३ नसलेल्या आणि सीडी१६ किंवा सीडी५६ असलेल्या लिम्फोसाइट्सच (टी आणि एनके पेशी ज्या गटात येतात त्या पांढऱ्या रक्तपेशी) एनके म्हणून मोजल्या आहेत ना, हे प्रथम पाहावे, कारण काही टी पेशींवरही सीडी५६ आढळते. त्यानंतर टक्केवारी बाजूला ठेवून प्रत्यक्ष संख्या काढावी. समजा, एका मायक्रोलिटर रक्तात २,००० लिम्फोसाइट्स असून त्यांतील १० टक्के एनके आहेत, तर त्यांची संख्या २०० होते. संसर्गात टी पेशी वाढून लिम्फोसाइट्स ५,००० झाल्या, तर त्याच २०० पेशी केवळ ४ टक्के दिसतात. एनके पेशी घटलेल्या नसतात, तरी रिपोर्टमध्ये त्या ‘कमी’ ठरतात. माझ्या मते बहुतेकांची घाबरगुंडी इथेच उडते.

नमुना कधी आणि कसा घेतला, हेही तपासावे. धावपळीने या पेशी काही मिनिटांतच रक्तात वाढतात, त्यामुळे ठाणे स्थानकाचा पूल धावत चढून थेट रक्त द्यायला बसू नये. थोडा वेळ शांत बसावे. स्टेरॉइड चालू असल्यास तसे लेखी कळवावे. जांभळ्या टोपणाच्या नळीतला हा नमुना बर्फात न ठेवता सामान्य तापमानालाच न्यायचा असतो आणि तो सहसा एक-दोन दिवसांत तपासावा लागतो. शनिवारी संध्याकाळी घरी येऊन घेतलेले रक्त रविवारभर कुठे राहील, हे विचारायला संकोच करू नये.

संख्या ठीक असली तरी पेशी काम करतातच असे नाही. वारंवार किंवा तीव्र स्वरूपात कांजिण्या, नागीण अथवा हर्पीस गटातील इतर संसर्ग होत असतील, तर इम्युनॉलॉजिस्टना (प्रतिकारशक्तीच्या तज्ज्ञांना) दाखवावे. एनके पेशीच नसलेल्या एका किशोरवयीन मुलीला असेच गंभीर संसर्ग झाल्याची नोंद १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली होती. अशा वेळी कार्यक्षमतेची चाचणी सांगितली जाते. तीत एमएचसी वर्ग १ जवळजवळ नसलेल्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या के५६२ पेशी रुग्णाच्या एनके पेशींसमोर ठेवून त्यांपैकी किती मरतात, हे मोजतात. त्यासाठी जिवंत पेशी लागतात, म्हणून प्रयोगशाळा हा नमुना कोणत्या वारी आणि किती वाजेपर्यंत स्वीकारते, हे आधी फोन करून विचारावे आणि मगच रक्त द्यावे.